आधी काकींचा घास

आमच्याकडे घरातली बाई सगळ्यांत शेवटी जेवते. माझी आई जेवायला बसायची तेव्हा टोपल्यात एखादी भाकर आणि पातेल्याच्या बुडाशी थोडं कोरड्यास एवढंच उरलेलं असायचं, आणि त्यात काही वावगं आहे असं तिलाही कधी वाटलं नाही. म्हणून हिराकाकींच्या घरची पंगत पहिल्यांदा बघितली तेव्हा मी दारातच थबकले. केळीची पानं मांडलेली, माणसं बसलेली, भात वाढून झालेला, आणि घरची म्हातारी बाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहून वाटीतलं कालवण स्वतःच आधी खातेय! खाऊन झालं की काकी ओटीवर यायच्या आणि झोपाळ्याची कडी धरून गप्प उभ्या राहायच्या. तोवर कोणी पानाला हात लावायचा नाही. मग त्या एकदा आवंढा गिळून बघायच्या, घसा खाकरायच्या आणि म्हणायच्या, "हं. खा आता."

घरची माणसं याला काकींचा पहारा म्हणत. नवा पाहुणा आला तर त्याला वाटे, म्हातारीला भूक आवरत नाही, आणि तो हसे. काकींना त्याचं काही नव्हतं. "हसू दे," म्हणायच्या, "हसतायत म्हणजे गळा मोकळा हाय."

मी जिंतूरकडची. सातवीत शाळा सुटली, पुढे लग्न झालं, आणि नवऱ्याला बोळिंजच्या एका सोसायटीत वॉचमनचं काम मिळालं म्हणून आम्ही विरारला आलो. काकींच्या वाडीत मागच्या बाजूला विहिरीपाशी एक खोली होती, ती आम्हाला मिळाली. वाडी म्हणजे केळी, नारळी, अळू, जास्वंद, आणि मधून जाणारे पाण्याचे पाट. कुंपणापलीकडे बोळिंजच्या उंच इमारती उभ्या. मला त्या इमारतींची भीती वाटायची, त्यातल्या लिफ्टची वाटायची, केळीच्या अंधाऱ्या रांगांची वाटायची. गॅसची तर एवढी, की काडी पेटवून मी तोंड फिरवूनच शेगडीकडे हात न्यायची. गावाकडून इतक्या लांब आलोय, इथं काही झालं तर आईला कळवणार कोण, हा विचार घास गिळतानाही मनात असायचा.

काकींनी ते पहिल्याच आठवड्यात ओळखलं. मी त्यांच्याकडे कामाला लागले होते, नारळ खवायला बसले होते. विळी पायाखाली घेतली आणि नारळ पात्यापासून वीतभर लांबच धरला.

"काय गो मंदा, भितेस?"

"भिते काकी. लई भिते."

मला वाटलं, आता कामावरून काढतील. तर त्यांचा चेहरा उजळला. "बरं झालं," म्हणाल्या. "मला भिणारीच बाई पायजे होती. न भिणारे लोक मीठ बघत नाहीत, काटा बघत नाहीत, झाकण उघडं टाकून मोबाईलवर बोलतात."

आयुष्यात पहिल्यांदाच माझी भीती कुणाच्या उपयोगाला आली होती. त्या दिवसापासून मी काकींच्या स्वयंपाकघरात राहिले. आज मी बोळिंजला काही घरी स्वयंपाक करते, लोक नावाजतात, माझा मुलगा कॉलेजात गेला. हे सगळं त्या स्वयंपाकघरातून आलं. काकी आता नाहीत.

अंगाने त्या चवळीच्या शेंगेसारख्या होत्या. सुती साडी, पदर खोचलेला, आणि केसांत वाडीतल्या सोनचाफ्याचं एक फूल. स्वयंपाकाला उभं राहायचं झालं की मात्र ते फूल काढून बाहेर तुळशीच्या कट्ट्यावर ठेवायच्या. "नाकाला एका वेळी दोन कामं सांगायची नाहीत," म्हणायच्या. सगळं आवरलं की फूल परत केसांत. तोवर ते बिचारं मलूल झालेलं असायचं.

रविवारी त्या ओळखीच्या लोकांना जेवण करून द्यायच्या. बोळिंजच्या इमारतींतली नोकरदार माणसं डबे घेऊन फाटकाशी यायची. कोळशावर भाजलेली कोंबडी पोह्यांत आणि मसाल्यात परतून केलेलं भुजिंग असायचं. शेवग्याच्या शेंगा घालून केलेलं कोळंबीचं कालवण असायचं. त्याचं वाटण इतकं हिरवं, की मला वाटायचं, वाडीच वाटून घातलीय. थंडीत उकडहंडी. कोनफळ, रताळी, वालपापडी, कच्ची केळी आणि ओलं खोबरं सगळं एका मडक्यात, वर केळीचं पान बांधून, बाहेरून विस्तव लावून. मडकं फोडल्यावर जी वाफ निघायची ती अंगावर घ्यायला मी पुढे वाकायची. काकी मला मागे ओढायच्या. "वाफेने डोळे जातात गो!"

अशी सगळ्यातच त्यांना भीती दिसायची. नारळाचं दूध काढून ठेवलं की फाटेल म्हणून भीती. झाकण घट्ट बसलं तर घाम पडेल म्हणून, सैल बसलं तर पाल पडेल म्हणून. पाचूबंदरच्या मासळी बाजारात त्या मला घेऊन जायच्या. तिथं माशाचा कल्ला उचलून बघायच्या, पोट दाबायच्या, पुन्हा कल्ला बघायच्या. एकदा कोळीण वैतागली. "ओ काकी, मासा घेताव का पोरगी बघताव?"

"पोरगी असती तर एवढी बघितली नसती," काकी म्हणाल्या. "पोरगी काय पोटात जानार नाय." तिच्याशी बोलताना त्या तिच्यासारखंच बोलायच्या.

मला मासा खायला त्यांनीच शिकवलं. काट्याच्या भीतीने मी नुसता रस्सा ओरपायची. काकींनी एक दिवस मला समोर बसवलं, बोयट माशाचा तुकडा घेतला आणि बोटांनी मांस चाचपून दाखवलं. "डोळ्याला काटा दिसत नाय. बोटाला कळतो. बोटाला चुकला तर जिभेला कळतो. तीन दरवाजे आहेत गळ्याच्या आधी. एवढी कशाला मरतेस?" पहिला घास त्यांनी खाल्ला, दुसरा मला दिला. मी खाल्ला, आणि मला रडू आलं. मासा इतका गोड असतो हे मला माहीतच नव्हतं.

त्यांच्या सुकेळीचं सांगायलाच हवं. राजेळी केळी पिकवून, सोलून, उन्हात दिवसच्या दिवस सुकवायची. वाळली की ती मधाच्या रंगाची आणि चिवट होतात, दाताखाली आली की आधी हटून बसतात आणि मग विरघळतात. ती वाळत असताना काकी अंगणात मोढा टाकून बसायच्या आणि आभाळ बघायच्या. ढगाचा एक पुंजका दिसला की, "मंदा, धाव!" आम्ही दोघी केळ्यांची सुपं उचलून पडवीत नेणार, ढग निघून जाणार, आम्ही सुपं परत बाहेर आणणार. त्यांचे धाकटे दीर दामूभावजी शेजारच्या वाडीत राहायचे. ते कुंपणावरून बघत हसायचे. "वयनी, केळी सुकवताय का मंदाला?"

आता दामूभावजींची गोष्ट. काकींच्या पहाऱ्याचं मूळ तीच.

आमच्याकडे शेवळं नसतात. पाऊस सुरू होता होता डोंगरातल्या आदिवासी बाया ती टोपल्यात घेऊन वसई-विरारला येतात. मातीतून वर आलेला तपकिरी-जांभळा कोंब, एखादी मिटलेली छत्री असावी तसा. चव अशी, की इथली जुनी माणसं वर्षभर तिची वाट बघतात. पण त्या कोंबात खाज असते. वरचं साल काढायचं, आतला पिवळा भाग कापून फेकायचा, उरलेलं बारीक चिरून तेलात खूप परतायचं, आणि मग त्यात काकडांचा आंबट रस घालायचा. काकडं म्हणजे आपली काकडी नव्हे. बोरासारखी हिरवी आंबट फळं, शेवळवाल्या बायाच ती सोबत विकतात. तो आंबटपणा पुरेसा पडला तर खाज मरते. कमी पडला तर गळ्यात सुया टोचतात, आणि लहान पोर असेल तर घसा सुजून श्वासही अडतो.

काकी नव्या नवरी होत्या तेव्हा सासूबाई माहेरी गेलेल्या आणि शेवळं दारात आली. काकींनी हौसेने केली. आपण नवीन, आपण शेवटी जेवायचं, म्हणून चाखलीसुद्धा नाहीत. शाळेतून भुकेजून आलेल्या धाकट्या दिराला पहिलं वाढलं. पोराने घाईने खाल्लं आणि गळा धरून लोळायला लागलं. ओठ सुजले, आवाज बंद झाला. सासऱ्यांनी त्याला खांद्यावर टाकून दवाखान्यात पळवलं. दामू वाचला. पण तो परत येईपर्यंत काकी चुलीपुढे बसून होत्या, आणि त्या बसलेल्या वेळात त्यांनी ठरवलं, की या घरात आपण शेवटी जेवायचं नाही.

सासूने नावं ठेवली, गावाने ठेवली. काकी आधी खात राहिल्या.

हे मला दामूभावजींनी स्वतः सांगितलं, काकींच्या देखत. काकी त्यांच्याकडे पाठ करून चिंच कोळत होत्या. भावजी म्हणाले, "मरणाच्या दारातून आलो म्हणून मला तेव्हापासून या घरात पहिला मान. काय वयनी?"

"मान नाय, पाप हाय ते माझं," काकी म्हणाल्या आणि चिंच कोळत राहिल्या.

दरवर्षी शेवळं आली की काकी एक मोठं जेवण करायच्या. भावजी यायचे, ठाण्याहून काकींची मुलगी वैशालीताई यायची, तिची छोटी तनू यायची. शेवळं कोळंबी घालून, कधी खिमा घालून, नारळाच्या दुधात. भावजी दरवेळी पानावर बसून हाक मारायचे, "वयनी, यंदा मारताय का तारताय?" आणि सगळे हसायचे. बोळिंजच्या इमारतीतल्या एक मॅडम एकदा हट्टच धरून बसल्या, काकी, आम्हालाही शेवळं द्या ना डब्यात. काकींनी सरळ नाही म्हटलं. मॅडमना राग आला. "अहो, आम्ही परके का?"

"परके नाय बाय. पण शेवळं माझ्या डोळ्यांसमोर खायची. तुम्ही चौदाव्या माळ्यावर गळा धरून बसलात तर मला इथे दिसेल काय?"

मी मात्र शेवळं कधी खाल्ली नाहीत. सोलून द्यायची, हात खाजले की तेल लावायची, आणि जेवताना "मला नको" म्हणायची. काकींनी कधी आग्रह केला नाही. भीतीचा त्यांना आदर होता.

मग त्या आजारी पडल्या. एका सकाळी पाण्याचा तांब्या हातातून पडला आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं. दवाखान्यात राहून घरी आल्या तेव्हा हातात जोर थोडा कमी आणि ओठाचा उजवा कोपरा खाली उतरलेला, एवढंच दिसत होतं. बोलणंही पुष्कळ सुधारलं. वैशालीताई म्हणाली, "आई, आता ठाण्याला चल." काकी म्हणाल्या, "मला काय झालंय? उभी हाय ना चुलीपुढे?" ताईने ऐकलं, पण जाताना मला बाजूला घेऊन सांगितलं, "मंदा, लक्ष ठेव. हिला स्वयंपाक झेपत नाही असं जरा जरी वाटलं तर मला फोन कर. मी त्याच दिवशी येऊन घेऊन जाईन."

मी मान डोलावली, आणि त्या दिवसापासून मला झोप लागेना.

कारण मला दिसायला लागलं होतं. पहिल्यांदा दिसलं ते फूल. काकी कालवण ढवळत होत्या आणि चाफा केसांतच होता. मी म्हटलं, "काकी, फूल राहिलं." त्यांनी हात वर नेला, चाचपलं, काढलं, आणि माझ्याकडे न बघता बाहेर ठेवून आल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा राहिलं. मी काही बोलले नाही.

मग एक दिवस आम्ही दोघी दुपारी जेवत होतो. मी माझ्यासाठी ज्वारीची भाकर केली होती, काकींनी हौसेने चतकोर मागून घेतली. खाता खाता त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाल धार आली. मला वाटलं, चटणीचं तेल. मग ती हनुवटीवर आली. आतून गाल चावला गेला होता, चांगला तुकडाच निघाला असावा, आणि काकी चावतच होत्या. त्यांना काही कळत नव्हतं.

"काकी... रक्त."

त्यांनी बोट लावलं, बघितलं. पदराने पुसलं. मी पाणी दिलं, त्यांनी चूळ भरली, पाणी लाल निघालं. आम्ही दोघी त्या पाण्याकडे बघत बसलो.

"कधीपासून, काकी?"

"आजारपणापासून. तोंडात गोणपाट घातल्यासारखं हाय. तिखट कळत नाय, आंबट कळत नाय, गरम कळत नाय." मग त्यांनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात गार होता. "वैशालीला सांगू नकोस. ती मला नेईल. तिकडे मी काय करू? खिडकीत बसू? मंदा, माझं घर हेच हाय, ही चूल हाय. ही सुटली तर मी गेले."

मी "नाही सांगत" म्हटलं. ज्या बाईने मला हातात घास धरायला शिकवलं, तिला मी दुसरं काय म्हणणार? तेव्हापासून मीठ मी बघायची, आंबट मी बघायची. त्या ढवळायच्या, मी चाखायची, भुवई वर केली की अजून घाला, मान हलवली की पुरे. बाहेर कोणाला पत्ता नाही. रविवारचे डबे जात होते, लोक म्हणत होते, काकींचा हात तोच आहे. काकी हसायच्या, अर्ध्या तोंडाने. मला प्रत्येक डबा फाटकाबाहेर जाताना धडधडायचं.

आणि शेवळं आली.

फाटकाशी टोपली उतरली तेव्हा मी काकींच्या आधी धावले. "काकी, यंदा नको. मी पाया पडते."

"वेडी हायस का? शेवळं दारात आली आणि हिराने केली नाहीत असं झालं, तर वैशाली काय समजेल? दामूभावजी काय समजतील? ते तर वासावर येतील."

"पण मी कधी खाल्ली नाहीत काकी. त्यातला आंबटपणा किती लागतो मला कळत नाही. भुवई कशावर वर करू?"

काकी टोपलीपाशी वाकल्या. टोपलीवालीकडे काकडंही मूठभरच होती, डोंगरात यंदा कमी धरली म्हणाली. "चिंच घालू जोडीला," काकी म्हणाल्या. "एवढ्या वर्षांचा हात हाय. हाताला आठवेल."

जेवणाच्या दिवशी सकाळपासून मी शेवळं सोलत होते. हात कोपरापर्यंत खाजत होते. पिवळा भाग राहतोय का म्हणून एकेक तुकडा मी उजेडात धरून बघत होते. काकींनी कांदा परतला, शेवळं परतली, कोळंबी टाकली, काकडांचा रस घातला, चिंचेचा कोळ घातला. थांबल्या. पुन्हा थोडा घातला. पळी हातात धरून त्या कढईकडे बघत राहिल्या, जशा त्या आभाळाकडे बघायच्या. मग नारळाचं दूध घातलं. रंग नेहमीचाच आला. वासही, मला तरी, नेहमीचाच वाटला.

दुपारी सगळे बसले. भावजी, वैशालीताई, आणि त्यांच्या मधे तनू. भात, भुजिंग, भोपळ्याची भाजी, आणि शेवटी खायला तुपात परतून गुळाच्या पाकात सोडलेली राजेळी केळी. तनूचा डोळा त्या केळ्यांवर होता. भावजींनी हाक मारली, "वयनी, यंदा मारताय का तारताय?"

काकी उंबऱ्यात उभ्या राहिल्या. वाटीतली शेवळं खाल्ली. मी त्यांच्या मागे स्वयंपाकघरात. त्यांचा गळा वर-खाली झालेला मला मागूनही दिसला. मग त्या झोपाळ्यापाशी जाऊन कडी धरून उभ्या राहिल्या. भावजी मुद्दाम जांभई देत होते, ताई मोबाईल बघत होती. एवढ्या लोकांत मला एकटीला माहीत होतं की त्या उभ्या राहण्यात काही अर्थ नाही. तिथं कोणी पहाऱ्यावर नव्हतंच.

मी कढईतला चमचा भरला आणि तोंडात टाकला.

चव आधी आली. मला खोटं बोलायचं नाही, फार सुंदर चव होती. मातीची, समुद्राची, खोबऱ्याची. मी म्हटलं, देवा, वाचलो. बाहेर काकी घसा खाकरून "हं" म्हणत होत्या आणि वाढायला आत येत होत्या. त्यांनी वाडगा भरला आणि नेला. आणि मला जिभेच्या मुळाशी काहीतरी हललं. गव्हाचं कुसळ अडकावं तसं. एक, मग पुष्कळ. मी आवंढा गिळला तर ती कुसळं आणखी खाली गेली. कानाच्या आतपर्यंत खाज आली. मी भिंतीला टेकले. मरते की काय असं वाटलं, आणि मरण्याइतकीच भीती वाटली ओरडण्याची. ओरडले तर काकींची चूल गेली. नाही ओरडले तर बाहेर तनू बसलीय.

मी तोंड उघडायच्या आतच काकी लिंबाची फोड न्यायला परत आत आल्या. माझ्याकडे बघितलं आणि हातातला वाडगा ओट्यावर ठेवला.

"आ कर."

मी जबडा आवळून मान हलवली. का ते मला आजही नीट सांगता येत नाही. त्यांनी माझी हनुवटी धरली, खिडकीकडे वळवली. "आ कर म्हणते ना!" मी तोंड उघडलं. त्या वाकून बघत होत्या, आणि मी इतक्या जवळून त्यांचे डोळे बघत होते. त्या डोळ्यांत मला दामूला वाढणारी नवी नवरी दिसली असं मी म्हणेन तर ते पुस्तकातलं वाटेल. पण म्हातारी बाई दिसली नाही, एवढं खरं.

"खाजतंय, काकी," मी म्हटलं.

त्या धावल्या. त्या आजारी बाईला मी तसं धावताना पुन्हा पाहिलं नाही. तनूने भात कालवला होता, घास उचलला होता. काकींनी तिचं मनगट धरून घास खाली पाडला आणि आपला तळवा तिच्या पानावर, त्या गरम कालवणावर पालथा ठेवला. भावजींचा हात पानाकडे चालला होता, त्यांना म्हणाल्या, "थांबा. कोणी खाऊ नका. खाजतात."

"पण तुम्ही खाल्लीत ना आत्ताच?" भावजी म्हणाले.

"खाल्ली. मला कळत नाय."

"कळत नाय म्हणजे?"

"जिभेला कळत नाय, भावजी. आजारापासून. काहीच कळत नाय. मी नुसती उभी राहिले."

तनू रडायला लागली होती. दामूभावजींनी समोरचं पान दूर सारलं. ते उठले, कढई फडक्याने धरून उचलली आणि वाडीत गेले. थोड्या वेळाने केळींमागून फावड्याचा आवाज आला.

काकींनी तोवर मला चिंच आणि गूळ एकत्र करून चोखायला दिलं, वर तूप दिलं. घशाची सूज उतरते का बघायला पुन्हा पुन्हा तोंड उघडायला लावलं. त्यांचा तळवा लाल झाला होता, त्यावर मी पाणी ओतायला गेले तर, "मला लागत नाय, तू चोख," म्हणाल्या. वैशालीताई दारात उभी होती. ती चिडली नव्हती, चिडली असती तर बरं झालं असतं. तिने हळूच विचारलं, "आई, मग इतके दिवस तू जेवतेस कशी?"

"आठवून," काकी म्हणाल्या. "कोळंबी खाल्ली की कोळंबी आठवते. जेवते."

ताईने डोळे पुसले. माझा घसा तासाभरात मोकळा झाला. सगळ्यांनी भुजिंग-भात खाल्ला. तनूने केळी खाल्ली, आणखी मागितली. काकींनी तिला आपल्या वाटणीची दिली आणि तिच्या ओठांकडे बघत बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने गाडी फाटकाशी लावली. काकींनी वाद घातला नाही. काल पानावर तळवा ठेवला तेव्हाच त्यांनी स्वतःला उत्तर दिलं होतं. गॅसची टाकी मला बंद करायला लावली, शेगडीचा कान पिळून बघितला, मागचं दार ओढलं. वाडीकडे वळून बघितलं नाही. दामूभावजींनी हाताला धरून त्यांना गाडीत पुढे बसवलं आणि म्हणाले, "वयनी, ठाणं काय लांब नाय." काकींनी त्यांच्या गालाला हात लावला.

ताईने त्यांच्या अंगावरून पट्टा ओढून लावला. तो छातीवर आवळला गेला तसा काकींनी दोन्ही हातांनी घट्ट धरला. इतकी वर्षं मी त्यांना दुसऱ्यांच्या गळ्यासाठी, डोळ्यांसाठी, जिवासाठी भिताना बघितलं होतं. स्वतःसाठी भिताना मी त्यांना तेव्हा बघितलं. लहान लेकराला जत्रेतल्या पाळण्यात बसवतात आणि पाळणा हलायला लागतो, तेव्हा जसं तोंड होतं तसं.

मी खिडकीपाशी गेले. काकी मला काहीतरी सांगायला वळल्या, तेवढ्यात काच आपोआप वर गेली. ताईने आतून बटण दाबलं असावं. काकी दचकल्या. काचेवर हात फिरवला, दाराला खालून-वरून चाचपलं, ती खाली करायची मूठ शोधत होत्या. ती त्या गाडीला नव्हती. मग त्यांनी काचेतूनच मला सांगितलं. ओठ हलत होते, एक बाजू हलत होती, दुसरी नव्हती. मला एक अक्षर कळलं नाही.

मी जोरजोरात मान हलवली, हो काकी, हो. तेव्हा त्यांचा चेहरा जरा सैल पडला, आणि गाडी निघाली.